धरण ‘भरलं’ म्हणजे नेमकं किती भरलं?

जुलै अर्धा सरला की बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, खानापूर या सगळ्या पट्ट्यात धरणांची एकच चौकशी सुरू होते. हिडकल किती भरलं? राकसकोप भरलं का? नविलुतीर्थला पाणी चढतंय का? उत्तर मोबाईलवर एका ओळीत येतं: हिडकल 82 टक्के. मग त्या एका ओळीवर उसाचं पाणी, घरच्या नळाचं पाणी आणि नदीकाठच्या गोठ्यातली जनावरं कधी हलवायची, हे सगळं ठरवलं जातं.

आकडा खोटा नसतो. पण तो कशाचे टक्के सांगतो, कुठल्या रेषेपर्यंतचे सांगतो आणि तुमचं गाव धरणाच्या वर आहे, खाली आहे की भलत्याच नदीवर आहे, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. नदीकाठच्या माणसाला तर अर्धवट कळलेला आकडा महागात पडू शकतो. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

भिंतीचा माथा आणि पाण्याची रेषा

धरण शंभर टक्के भरलं म्हणजे पाणी भिंतीच्या माथ्याला टेकलं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं कधीच होऊ द्यायचं नसतं. धरण बांधतानाच एक पातळी ठरवलेली असते, तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात, कागदोपत्री ‘एफआरएल’. पाणी तिथवर आलं की धरण भरलं. हिडकलच्या राजा लखमगौडा धरणासाठी ही पातळी 2175 फूट आहे, मीटरमध्ये 662.94. नविलुतीर्थच्या मलप्रभा धरणाची, म्हणजे रेणुकासागराची, 2079.50 फूट, म्हणजे 633.83 मीटर. राकसकोपची 2475 फूट.

हे फूट समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. राकसकोपला 2475 फूट पाणी याचा अर्थ तिथे तेवढं खोल पाणी आहे असा नाही, हे उघड आहे. तरी दोन धरणांचे आकडे शेजारी ठेवून ‘राकसकोपला हिडकलपेक्षा जास्त पाणी’ असं म्हणणारे भेटतात. राकसकोप फक्त उंचावर आहे. हिडकलमध्ये 51 टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट) पाणी मावतं, राकसकोपमध्ये एक टीएमसीही मावत नाही.

पूर्ण संचय पातळीच्या वर आणखी एक रेषा असते, महत्तम पूर पातळी. मोठा पूर आला आणि सांडव्यातून, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडायच्या वाटेतून, जाणाऱ्या पाण्यापेक्षा येणारं पाणी जास्त झालं, तर तात्पुरतं पाणी इथवर चढेल असं गृहीत धरून भिंत बांधलेली असते. त्याच्याही वर काही फूट भिंत मोकळी सोडतात, कारण वाऱ्याने जलाशयात लाटा उठतात आणि त्या भिंतीवरून पलीकडे जाता कामा नयेत. मातीच्या धरणाला तर माथ्यावरून वाहणारं पाणी अजिबात चालत नाही. माती वाहून जाते आणि भिंत खचते. ‘धरण तुडुंब भरलं, आता काही खरं नाही’ असे निरोप दर पावसाळ्यात फिरतात. शंभर टक्के हा आकडा एवढ्यावरून धोक्याचा ठरत नाही. ती धरणाची नेहमीची, ठरवलेली अवस्था आहे.

लहान तलावांचं गणित वेगळं असतं. बऱ्याच पाझर तलावांना आणि लघुप्रकल्पांना दरवाजेच नसतात. सांडव्याचा माथा हीच त्यांची पूर्ण पातळी. पाणी तिथवर आलं की आपोआप पलीकडे पडू लागतं आणि गावात ‘तलाव ओव्हरफ्लो झाला’ म्हणून पूजा होते. अशा तलावाचं जास्तीचं पाणी कुणी अडवत नाही आणि कुणी सोडतही नाही. वरून जितकं येतं, थोडंफार मागेपुढे होऊन तितकंच खाली जातं.

टक्के कशाचे

धरणातलं सगळं पाणी वापरता येत नाही. कालव्याचं किंवा पाणी उपसण्याचं तोंड तळापासून बरंच वर ठेवलेलं असतं. त्याच्या खालचं पाणी म्हणजे मृतसाठा, आपल्याकडे बोलताना ‘डेड स्टॉक’. वरचा तो उपयुक्त साठा. दोन्ही मिळून एकूण साठा.

आता टक्के एकूण साठ्याचे काढायचे की उपयुक्त साठ्याचे? दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि बातमीत कुठली घेतली हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात फारसं बिघडत नाही, उन्हाळ्यात मात्र मोठा घोळ होतो. चिकोडीच्या कृष्णाकाठाला जवळचं उदाहरण कोयनेचं. कोयनेचा एकूण साठा 105.25 टीएमसी, त्यातला उपयुक्त 100.13. मे महिन्यात तिथे एकूण 10 टीएमसी पाणी उरलं असं समजू. एकूण साठ्याशी तुलना केली तर साडेनऊ टक्के. पण त्यातले 5.12 टीएमसी मृतसाठ्याचे. वापरायला उरले 4.88, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. एकाच दिवशी, त्याच पाण्याला एक बातमी दुसरीच्या दुप्पट दाखवेल आणि दोघींपैकी कुणीही खोटं बोललेलं नसेल. उन्हाळ्यात म्हणूनच टक्क्यांऐवजी ‘उपयुक्त साठा किती टीएमसी’ एवढंच विचारावं.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत 100 कोटी घनफूट. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. तेव्हा एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा ठरलेला निकष. बेळगावसारख्या पाच लाख वस्तीच्या शहराला त्या हिशेबाने रोज पावणेसात कोटी लिटर लागतात, म्हणजे एक टीएमसी पाणी 400 दिवसांहून अधिक पुरावं. हे गणित गळती आणि बाष्पीभवन सोडून केलेलं आहे. राकसकोपसारखा छोटा जलाशय शहराची तहान एवढी वर्षं कसा भागवू शकला, आणि शहर वाढल्यावर हिडकलचंही पाणी का आणावं लागलं, या दोन्हींचं उत्तर याच हिशेबात आहे.

शेवटचे दोन फूट

‘हिडकल भरायला दोनच फूट बाकी’ असं वाचलं की काम झाल्यासारखं वाटतं. वस्तुतः वरचे फूट सगळ्यात जड असतात.

जलाशय सरळ भिंतींच्या टाकीसारखा नसतो. तळाशी नदीचं अरुंद पात्र, वर जावं तशी दरी पसरत जाते, साधारण नरसाळ्यासारखी. अगदी नेमक्या नरसाळ्याच्या आकाराचा, 100 फूट खोल जलाशय कल्पनेत घ्या. तो 50 फूट भरला तर उंचीने अर्धा, पण पाणी फक्त एक-अष्टमांश. आणि वरच्या शेवटच्या 10 फुटांत एकूण पाण्याच्या 27 टक्के पाणी मावतं. खरा जलाशय इतका नीटस नसतो, पण कल तोच. जुलैच्या सुरुवातीला पातळी दिवसाला चार-पाच फूट चढते आणि ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस असूनही ती एखाद्या फुटाने सरकते, याचं कारण हे. पाऊस कमी झालेला नसतो, पाणी पसरायला जागा वाढलेली असते.

फुटांवरून टीएमसीचा अंदाज घ्यायचा असेल तर एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: एक फूट उंचीत एक टीएमसी मावायला सुमारे 23,000 एकर पसारा लागतो. पाणी 15,000 एकरांवर पसरलेलं असेल तर एका फुटात साधारण 0.65 टीएमसी. प्रत्येक धरणासाठी असा पातळी आणि साठ्याचा तक्ता अभियंत्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. रोज सकाळी फक्त पातळी मोजतात आणि साठा त्या तक्त्यातून वाचतात.

भरायच्या आधीच दरवाजे का उघडतात

शेतकऱ्याला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. धरण 90 टक्के, आभाळ भरलेलं, आणि पाणी नदीत सोडताहेत! गेल्या उन्हाळ्यात ऊस वाळलेला डोळ्यासमोर असताना हे बघवत नाही, आणि तो राग समजण्याजोगा आहे. पण एकदा हिशेब करून बघा.

नदीचं पाणी क्युसेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. 11,574 क्युसेक पाणी 24 तास वाहिलं की एक टीएमसी होतो. हिडकलच्या वर, चंदगडकडे, जोराचा पाऊस लागला आणि हिडकलमध्ये 50,000 क्युसेक आवक झाली असं धरू. दिवसाला 4.32 टीएमसी. धरणात 46 टीएमसी असतील तर 51 व्हायला 28 तास पुरतात. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सगळं, कितीही मोठं असलं तरी, जसंच्या तसं खाली सोडण्याशिवाय पर्याय उरत नाही. शेवटचे पाच टीएमसी मोकळे ठेवले असते तर तेच पाणी पोटात घेऊन खाली बेताने सोडता आलं असतं. भरलेल्या धरणाला पूर अडवता येत नाही. पूर अडवतो तो त्यातला रिकामा भाग.

म्हणून पावसाळ्यात तारखेवार पातळी ठरवलेली असते: जुलैअखेर इथवर, ऑगस्टअखेर इथवर, आणि काठोकाठ सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मान्सून परतीला लागल्यावर. यात जुगार आहेच. लवकर भरलं तर पुराची भीती, उशिरापर्यंत मोकळं ठेवलं आणि परतीचा पाऊस आला नाही तर उन्हाळ्याची भीती. कृष्णेवर खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर आहे, आणि पुराच्या दिवसांत ती मुद्दाम खाली ठेवावी म्हणून सांगली-कोल्हापूरपासून चिकोडीपर्यंत सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात ते यासाठीच. ऑगस्ट 2019 चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दरवाजे एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडतात. आधी थोडा विसर्ग, मग वाढवत न्यायचा, म्हणजे खालच्या पात्राला आणि माणसांना वेळ मिळतो. विसर्गाचा इशारा आला की त्यातला आकडा आणि वेळ दोन्ही बघा. दहा हजारांवरून वीस हजार क्युसेक ही वाढ आणि वीसवरून साठ हजार ही वाढ काठावरच्या माणसाला सारखी नसते.

तुमची नदी कुठली

सीमाभागात पाणी राज्याची हद्द बघत नाही. आपल्या गावाला कुठलं धरण लागू आहे हे माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या आकड्यावर नजर लावून बसतात.

हिडकलचं पाणी येतं घटप्रभा आणि ताम्रपर्णीतून, म्हणजे चंदगड तालुक्यातून. तिथलं फाटकवाडी धरण लहान आहे आणि लवकर भरतं. ते भरल्याची बातमी हिडकलच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण त्यानंतर वरचं पाणी अडणं संपतं आणि ते थेट खाली येऊ लागतं.

गोकाकची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरवरून येते आणि हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते. मार्कंडेय नदी राकसकोपकडून काकतीच्या बाजूने वाहत जाऊन गोकाकजवळ घटप्रभेत पडते. या दोन्ही नद्यांवर हिडकलचा काडीचा ताबा नाही. हिडकलचे सगळे दरवाजे बंद असले तरी या दोघींना पूर आला तर लोळसूर पूल पाण्याखाली जाऊ शकतो. ‘हिडकल अजून 70 टक्केच आहे, काळजी नाही’ असं गोकाकात बसून म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

निपाणी-चिकोडीकडच्या पुराशी तर हिडकलचा संबंधच येत नाही. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे दरवर्षी बुडणारे पूल वेदगंगा-दूधगंगेवरचे. तिथल्या माणसाने दूधगंगेसाठी काळम्मावाडी आणि वेदगंगेसाठी पाटगाव धरणाकडे बघावं. कल्लोळ-यडूर, मांजरीकडे कृष्णा असते, तेव्हा कोयना, वारणा आणि पंचगंगेचा फुगवटा सगळंच मोजावं लागतं. पंचगंगेच्या वर राधानगरी आहे. तिचे सात दरवाजे स्वयंचलित. ठरलेल्या पातळीला पाणी आलं की दरवाजा कुणाच्या हुकुमाची वाट न बघता उघडतो आणि दर दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी बाहेर पडतं. म्हणून राधानगरीबाबत ‘भरलं’ आणि ‘सोडलं’ यांत अंतर जवळजवळ नाहीच.

मलप्रभेचं दुखणं उलटं. ती कणकुंबीत उगम पावते. तिथला पाऊस दांडगा, पण घाटाची ती पट्टी अरुंद. खानापूर मागे टाकून पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेलं की पाऊस झपाट्याने उतरतो. 37.73 टीएमसीचा रेणुकासागर त्या पट्टीवर अवलंबून, त्यामुळे हिडकल काठोकाठ असतानाही तो अर्ध्यावर राहिलेली वर्षं कमी नाहीत. आणि त्याच पाण्यावर हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणीही आहे.

भरलेलं पाणी किती दिवस पुरतं

ऑक्टोबरला धरण काठोकाठ. आता वर्षाची चिंता मिटली का? ते खाली काय पेरलंय यावर आहे.

पावसाचा वाटा बाजूला ठेवून नुसती पिकाची तहान बघू. उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 20,000 घनमीटर. एका टीएमसीत सुमारे 3,500 एकर ऊस. ज्वारीला साधारण 55 सेंटिमीटर पुरतं. तेवढ्याच पाण्यात 12,700 एकर. आणि हे पाणी थेट मुळाशी पोचलं तर. कालव्यात झिरपून, फुटक्या चाऱ्यांतून, रात्री उघड्या राहिलेल्या दारांतून अर्धं जरी गेलं तरी हे आकडे निम्म्यावर येतात. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी ‘धरण भरलं तरी आमच्याकडे पाणी नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. धरणाची टक्केवारी भिंतीजवळ मोजतात, त्याच्या बांधावर कुणी मोजत नाही.

बाष्पीभवनाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि तेच मोठं गिऱ्हाईक आहे. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला पाच ते आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. पसारा 15,000 एकर असेल तर सहा मिलिमीटर म्हणजे रोज 36 कोटी लिटर. वर काढलेल्या हिशेबात पाच लाखांचं शहर दिवसाला जेवढं पितं त्याच्या पाचपटीहून जास्त, एकाही शेताला न मिळता हवेत जातं.

गाळाचंही तसंच. गाळ मृतसाठ्यातच साचतो, तेव्हा काळजी नको, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. नदी संथ पाण्यात शिरते तिथेच जड वाळू-गोटा खाली बसतो, आणि ती जागा जलाशयाच्या वरच्या टोकाला, म्हणजे उपयुक्त साठ्यात असते. बारीक माती तेवढी भिंतीपर्यंत पोचते. म्हणून गाळ दोन्हीकडून जागा खातो. धरण बांधताना केलेला पातळी-साठ्याचा तक्ता आजही वापरात असेल तर कागदावर दिसणारं पाणी प्रत्यक्षात तेवढं नसेल. यावर उपाय फेरमोजणीचा: होडीवर आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र लावून जलाशयाचा तळ नव्याने आखतात आणि तक्ता बदलतात. आपल्या धरणाची फेरमोजणी शेवटची कधी झाली, हा प्रश्न शेतकरी संघटनांनी दरवर्षी विचारायला हवा. टक्क्यांवरून भांडण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.

रोजचा तक्ता कसा वाचायचा

आपल्या जिल्ह्यात हा तक्ता बहुधा कन्नडमध्ये येतो. ‘नीरिन मट्ट’ म्हणजे पाणीपातळी, ‘ओळहरिवु’ म्हणजे आवक, ‘होरहरिवु’ म्हणजे जावक किंवा विसर्ग. सोबत आजचा साठा आणि गेल्या वर्षीचा त्याच दिवशीचा साठा. एवढे चार-पाच आकडे पुरे असतात.

आवक हा नदीत मापलेला आकडा असेलच असं नाही. अनेकदा तो उलट्या हिशेबाने काढतात: काल ते आज साठा किती वाढला, त्यात सोडलेलं पाणी मिळवायचं, तेवढी आवक. म्हणजे तो गेल्या 24 तासांचा सरासरी आकडा. पहाटे तीनला आलेला लोंढा त्यात दडून जातो. वाऱ्याने भिंतीशी पाणी चढलं-उतरलं आणि मापन एखाद्या इंचाने चुकलं तरी मोठ्या पसाऱ्यावर आवकेचा आकडा शेकडो क्युसेकने हलतो. एका दिवसाच्या उडीवरून घाबरू नये, तीन दिवसांचा ओघ बघावा.

नदीकाठी राहणाऱ्याने टक्क्यांच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात: पूर्ण पातळीला किती टीएमसी कमी आहे, आवक किती आहे, विसर्ग किती आहे. आवकेतून विसर्ग वजा करा, उरलेल्या क्युसेकला 11,574 ने भागा, दिवसाला किती टीएमसी भरतंय ते कळेल. मोकळ्या जागेला त्या आकड्याने भागलं की किती दिवस हाताशी आहेत ते समोर येतं. उत्तर दोन दिवसांच्या आत आलं आणि घाटावर पाऊस चालूच असेल तर धान्याची पोती, मोटारी आणि जनावरं दिवसाउजेडीच वर हलवावीत. रात्री विसर्ग वाढला तर चिखलातून ट्रॅक्टरही निघत नाही.